जुन्या लुगड्याचा हिशेब

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'टाकाऊतून टिकाऊ' असं छापलं आहे. बाहेर टेबलावर तुम्ही आणलेल्या वस्तू मी मघाशी पाहिल्या. साडीच्या काठाचे बटवे, जीनच्या पिशव्या, कापडी मण्यांच्या माळा, केसांची रबरं, वेणीसारखी विणलेली पायपुसणी. सुबक कामं आहेत. या वस्तू कशा करायच्या हे तुम्हाला माझ्याकडून शिकायचं नाही, तुमच्यातल्या कितीतरी जणी मलाच शिकवतील. मला बोलायचंय ते त्यांच्या हिशेबाबद्दल. हिशेब म्हणजे नुसता पैशांचा नाही, पण पैशांचाही.

आधी तो 'टाकाऊ' शब्द. आपल्या घरांत कापड टाकाऊ कधी होत होतं, आठवून बघा. लुगडं मधे विरलं की विरलेला भाग काढून दांड घालायचा आणि पुन्हा नेसायचं. तेही नेसवेना झालं की त्यातून पोरीचं परकर-पोलकं निघायचं, बाळाचं झबलं, दुपटं, टोपडं निघायचं. बाळंतिणीच्या घरात तर नवं कापड चालतच नसे, धुऊन धुऊन मऊ झालेलंच लागे. मग उरलेलं गोधडीत. त्याहून उरलेलं चुलीपाशी मसोता म्हणून, नाहीतर पोतेरं म्हणून. शेवटची चिंधी दिव्याची वात किंवा काकडा होऊन जळायची. एका लुगड्याला पाच-सहा जन्म मिळायचे आणि प्रत्येक जन्म कुठल्यातरी बाईच्या हातून मिळायचा.

गोधडीचंच घ्या. साताऱ्या-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, चारी बाजूंनी टाचायचे आणि धावदोरा घालत घालत कडेकडेनं आत यायचं. शिवणाऱ्या बाईची पाठ आणि बोटं किती दिवस त्यात गुंतलेली असत, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. त्या कामाला कोणी 'शाश्वत जीवनशैली' म्हटलं नाही. काटकसर म्हटलं. आणि काटकसर हा गृहिणीचा गुण, म्हणून त्याची मजुरी नाही. रिकाम्या वेळात केलं, असं त्या स्वतःही म्हणायच्या. रिकामा वेळ! पाणी भरून, भाकऱ्या थापून, शेतावरून येऊन उरलेला.

आता आपण म्हणतोय की हे पुन्हा करायला हवं, पर्यावरणासाठी करायला हवं. मला ते मान्य आहे. का, तेही थोडक्यात सांगते, कारण वस्तीत बोलताना हे प्रश्न येतात.

एका सुती टी-शर्टसाठी कापूस पिकवण्यापासून कापड तयार होईपर्यंत सुमारे २७०० लिटर पाणी लागतं, असा आकडा नेहमी दिला जातो. आकडा पिकाच्या जागेप्रमाणे कमी-जास्त होईल, पण ज्या बायका चार हंड्यांसाठी रात्री नळावर जागतात त्यांना त्याचा अर्थ लगेच कळतो. दुसरी गोष्ट, बाजारातलं बरंचसं स्वस्त कापड आता सुती नसतंच. पॉलिएस्टर असतं, म्हणजे खनिज तेलापासून केलेलं प्लास्टिकच. ते कुजत नाही, आणि धुताना त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर गटारात आणि पुढे नदीत जातात. तिसरी गोष्ट स्वस्ताईची. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली. अकराशेहून जास्त माणसं मेली, बहुतेक तरुण बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जे कपडे स्वस्त मिळत होते, त्यांतले काही या बायका शिवत होत्या.

पण इथे एक सांभाळायला हवं. वस्तीत जाऊन 'तुम्ही फार कपडे घेता' असं भाषण कुणी करू नका. सणाला दोनशे रुपयांची साडी घेणारी बाई पृथ्वी बुडवत नाही. ती साडी पॉलिएस्टरची असते, कारण सुती परवडत नाही, आणि पॉलिएस्टर लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही. तिच्या दिवसाचा विचार केला तर तिची निवड शहाणपणाची आहे. ज्यांच्या कपाटांची दारं लागत नाहीत, त्यांच्याकडे ते भाषण न्या.

आता हिशेब. मी काम करते त्या वस्तीत एक गट आहे, अकरा बाया. त्यांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायला घेतल्या. अस्तर, चेन, आत एक कप्पा, अशी बऱ्यापैकी पिशवी. प्रदर्शनात १८० रुपयांना जायची. पहिल्या दोन प्रदर्शनांनंतर सगळ्या खूश होत्या, रोख पैसे हातात आले होते. मी म्हटलं, एकदा घड्याळ लावू या. एम.एस.डब्ल्यू. करताना 'उत्पन्नवाढीचे उपक्रम' असा विषय आम्हाला होता. त्यात कच्चा माल, बाजारपेठ, भांडवल सगळं शिकवलं. बाईचा वेळ कसा मोजायचा हे मात्र त्यात नव्हतं. म्हणून खडू घेऊन भिंतीवरच लिहायला लागलो.

निवडणं आणि धुणं, एका पिशवीच्या वाट्याला २५ मिनिटं. उसवणं आणि इस्त्री ३० मिनिटं. कापणं, काठ आणि पदर जुळवणं ४० मिनिटं. मशीनवर शिवण ५५ मिनिटं. हातशिलाई, दोरे कापणं, चेनची टोकं बंद करणं ३० मिनिटं. झाले बरोबर तीन तास. खर्च: अस्तर २५ रुपये, चेन, दोरा आणि बंद मिळून २० रुपये, स्टॉलचं भाडं आणि टेम्पो-रिक्षाचा वाटा ३० रुपये. १८० मधून ७५ गेले, राहिले १०५. तासाला ३५ रुपये. आणि हे विकल्या गेलेल्या पिशवीचं. जी गाठोड्यात परत आली तिचे तीन तास भिंतीवर नुसतेच राहिले.

आमच्यातल्याच पाच जणी धुण्याभांड्याची कामं करतात. त्यांनी आपला तासाचा दर काढला, तो साठाच्या आसपास आला. भिंतीकडे बघून एक जण म्हणाली, "म्हंजी भांडी घासल्याली बरी की! कला केली तर निम्मं पैसं." सगळ्या हसल्या. पण नंतर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग प्रश्न किमतीचा आला. तासाला ६० धरले तर तीन तासांचे १८०, वरचा खर्च ७५, म्हणजे २५५. आम्ही २६० लावले. आणि तुम्हा सगळ्यांना माहीत असलेलं ते वाक्य ऐकायला मिळालं: "जुन्या साडीचीच ना? मग एवढी किंमत?" हे वाक्य बोलणाऱ्या वाईट बाया नसतात. पर्यावरणाची कळकळ असते म्हणूनच त्या स्टॉलवर थांबलेल्या असतात. पण त्यांच्या डोक्यात किंमत कापडाची असते. कापड जुनं, म्हणजे फुकट, म्हणजे पिशवी स्वस्त. खरं तर उलट आहे. जुन्या कापडावर काम जास्त पडतं. नवा तागा उलगडला की एकावर एक दहा थर कापता येतात. जुनी साडी प्रत्येक वेगळी. कुठे विरलेली, कुठे डाग, कुठे पिनेची भोकं, ती चुकवत कापावं लागतं. जीन शिवायची तर घरच्या मशीनला सोळा-अठरा नंबरची सुई लागते आणि तीही मोडते. पॉलिएस्टर सुईखालून सरकतं आणि इस्त्री जरा गरम झाली की चिकटतं. जुन्या कापडाच्या वस्तूत कापड सोडून बाकी सगळे बाईचे श्रमच असतात, म्हणून ती स्वस्त मागणं म्हणजे श्रम स्वस्त मागणं.

२६० केल्यावर विक्री कमी झाली, हे सांगितलंच पाहिजे. आम्ही चिठ्ठीवर किमतीशेजारी 'तीन तासांचं काम' असं लिहायला लागलो. त्यामुळे काही जणींनी घासाघीस सोडली, काही जणी पिशवी ठेवून निघून गेल्या. गटात वाद झाले. दोघींचं म्हणणं, पडून राहण्यापेक्षा १८० बरे. मला त्यांचं चूक वाटत नाही, ज्या घरात संध्याकाळचं तेल संध्याकाळी येतं तिथे ते बरोबरच आहे. शेवटी गटाने मधला रस्ता काढला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्यांनी दुरुस्ती सुरू केली. गिऱ्हाईक आपलाच कपडा आणतं. चेन बदलणं, ब्लाउज सैल करणं, फॉल लावणं, शाळेच्या गणवेशाची उंची सोडणं, पँटला आतून ठिगळ, दप्तराचे तुटलेले बंद. यात माल भरून ठेवायला लागत नाही, स्टॉल नाही, टेम्पो नाही, पडून राहिलेलं गाठोडं नाही. पैसे कामाचेच असतात हे गिऱ्हाइकालाही दिसतं, कारण कापड त्याचं आहे. तासाचा हिशेब लावला तर दुरुस्तीत पिशवीपेक्षा जास्त सुटतात. आणि पर्यावरणाच्या दृष्टीने पाहिलं तरी सगळ्यात कमी नासाडी कशात आहे? आहे तो कपडा आहे तसाच आणखी दोन वर्षं वापरण्यात. साडीची पिशवी करणं ही नंतरची पायरी. साडी अजून नेसण्यासारखी असेल आणि आपण तिचे काठ कापून बटवे केले, तर आपण काही वाचवलं नाही.

इथे मला थोडं कडू बोलायचंय. बाहेर जी कापडी माळ, रबरं, किचेन वगैरे आहेत, त्यांतलं किती सहा महिन्यांनी कुणाच्या घरात शिल्लक असेल? पॉलिएस्टरच्या चिंधीचं रबर करून त्यावर 'पर्यावरणस्नेही' लिहिलं तरी ते शेवटी कचऱ्यातच जातं, फक्त मधे एक वळसा घेऊन. प्रदर्शनात छोट्या वस्तू खपतात, हे मी जाणते. करू नका असं म्हणत नाही. पण रोज हातात घेतली जाणारी पिशवी, उशीचा अभ्रा, गोधडी, पायपुसणं यांची जागा वेगळी आणि नुसत्या शोभेच्या वस्तूची वेगळी, हे आपल्याला तरी माहीत असावं. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. त्या वेळी कापडी पिशव्या बचत गटांकडून घ्याव्यात अशी खूप भाषा झाली. आणि दुकानांत आल्या त्या बऱ्याचशा 'नॉन-वोव्हन'च्या, दिसायला कापडासारख्या, असायला प्लास्टिकच्याच. कापूस की प्लास्टिक हे ओळखायची सोपी रीत सांगते. कडेचा एक दोरा काढून काडी लावा. सुताचा कागदासारखा वास येतो आणि राख होते, दुसरा वितळतो आणि टोकाला कडक गोळी होते.

ही रीत मला एका बोहारणीने शिकवली. आता तिच्याबद्दल.

जुन्या कापडाचा धंदा आपण शोधून काढलेला नाही. भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार जाणारी, जुने कपडे घेऊन स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्याशी घासाघीस केलेली आहे, आणि ती फसवते असं शेजारणीला सांगितलेलंही असेल. या बाया बहुतेक गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या. आता ते स्वतःला देवीपूजक म्हणवतात. इंग्रजी अमलात या समाजावर गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला गेला, आणि सोसायटीच्या फाटकावर तो अजूनही वाचला जातो. रखवालदार आत सोडत नाही. पण कपडा कोणाच्या अंगावर किती दिवस टिकेल, हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही. ती बोटांत धरते आणि तीन ढीग करते. चांगला कपडा धुऊन, टाके घालून, इस्त्री करून जुन्या बाजारात जातो. तिथे तो आपल्याहून गरीब माणूस विकत घेतो. मधला सुती माल गॅरेजवाल्यांना, छापखान्यांना पुसण्यासाठी जातो. तिसऱ्या ढिगाचं काही होत नाही, आणि तो ढीग दर वर्षी वाढतोय असं ती सांगते.

एक इतिहास आपल्यातल्या नव्या मुलींना माहीत नसतो. अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना उभी केली, डिसेंबर १९७१ मध्ये. एप्रिल १९७२ मध्ये ती कामगार संघटना म्हणून नोंदली गेली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत कापडबाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या बाया होत्या, आणि जुन्या कपड्यांचा धंदा करणाऱ्या बायाही होत्या. नोंदणीच्या वेळी अडचण निघाली की यांना मालकच नाही, तर संघटना कुणाविरुद्ध? त्यांचं उत्तर होतं की संघटना कुणाविरुद्धच असायला हवी असं नाही, आपल्यासाठीही असते. १९७४ साली त्याच बायांनी दहा-दहा रुपयांचं भागभांडवल घालून स्वतःची बँक काढली. म्हणजे आज 'शाश्वत' म्हणून जे नव्याने शिकवलं जातंय, ते काम करणाऱ्या बाया पन्नास वर्षांपूर्वी संघटित झाल्या होत्या.

आता आपण काय करतो? 'जुने कपडे दान करा' अशी मोहीम काढतो. सोसायट्या आनंदाने गाठोडी देतात, कपाटही रिकामं होतं आणि पुण्यही लागतं. आणि बोहारणीच्या पाटीत त्या महिन्यात काही पडत नाही. आमच्याकडे येणारी बोहारीण एकदा गटाच्या बैठकीत म्हणाली, "तुम्ही फुकट नेता, मी भांडं देऊन नेते. माझ्या भांड्याचे पैसे मी व्याजाने आणलेत." मग आमच्या गटाने ठरवलं की कापड तिच्याकडून विकत घ्यायचं, किलोवर नाही, नगावर. ती निवडून देते, त्यामुळे निवडण्याचा आमचा वेळ वाचतो. पिशवीमागे थोडे रुपये वाढतात खरे. पण तिला वगळून केलेला उपक्रम स्त्रियांच्या रोजगाराचा आहे असं मी म्हणू शकणार नाही.

जुन्या कापडाला जातही असते, हे बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गट नवा होता तेव्हा एक वयस्कर मावशी पिशव्या शिवायला तयार होईनात. शिवणाचा हात चांगला, मशीन घरचं, तरी नाही. खूप दिवसांनी सांगितलं. "आमच्या सासूबाईंना सुगीत पाटलाच्या वाड्यावरनं लुगडं मिळायचं. फाटकं. तेबी हातात न्हाई, वरनं टाकायचे. मी लगीन हून आले तवा ठरवलं, दुसऱ्याचं उतरल्यालं अंगाला लावायचं न्हाई." मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं वापरावीत, असं लिहून ठेवलं आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी बायांपुढे वेगळं भाषण केलं. जातीची खूण दाखवणारं नेसणं आणि दागिने टाका, स्वच्छ नीटनेटकं नेसा, असं त्यांनी सांगितलं. नव्या कोऱ्या साडीला ज्या घरात एवढा अर्थ आहे, तिथे जाऊन आपण ठिगळाचं कौतुक करताना जरा थांबावं. ज्यांच्या गरिबीची कुणाला शंका येणार नाही, त्यांना फाटकी जीन शोभते. मावशींची नात कॉलेजला नवीन ड्रेस मागते, तर तो तिचा हक्क आहे. पुढे मावशी दुरुस्तीच्या कामात आल्या. "हितं कपडा ज्याचा त्येलाच परत जातो," म्हणाल्या.

आता ऑर्डरींबद्दल, कारण तुमच्यापैकी तिघींनी काल त्याबद्दल विचारलं. दिवाळीला कंपन्या भेटवस्तूंच्या पिशव्या मागतात. सामाजिक कामाचा निधी, वर पर्यावरणाचं नाव. काम मोठं असतं, मोह होतो. आमच्या गटाला एका कंपनीने चारशे बटवे सांगितले. तोंडी. पाठवल्यावर एकोणसाठ परत आले, रंग एकसारखे नाहीत म्हणून. जुन्या साड्यांचे बटवे एकसारखे कसे असतील! शेवटी भांडून निम्म्याचे पैसे मिळाले. तेव्हापासून कागदाशिवाय काम घेत नाही. कागदावर चार-पाच ओळी पुरतात: नगाचा दर, दोरा-चेन कोणी द्यायची, आगाऊ रक्कम किती, पैसे किती दिवसांत, आणि नापसंत झालेला माल कोणाच्या अंगावर.

आपल्या राज्यात घरी बसून मजुरीचं काम करणाऱ्या बाया काही थोड्या नाहीत. विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या बाया बघा. १९६६ च्या विडी-सिगार कामगारांच्या कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं होतं. हजारी दर, ओळखपत्र, नंतर कल्याण निधी, हे सगळं भांडून मिळालं, पण मिळालं. पिशव्या शिवणारीला तसं काही नाही. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. आपल्या देशाने त्याला मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी राहून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, पण ती कुणा मालकासाठी काम करणारीची. बचत गटाची बाई 'स्वतःची मालकीण' ठरते. उद्योजिका म्हणतात तिला, सत्कारही करतात. चारशे बटव्यांचा रंग कंपनी ठरवते, दर कंपनी ठरवते, तारीख कंपनी ठरवते, आणि मालकीण कोण, तर ही! ई-श्रम नोंदणी ज्यांनी अजून केली नाही त्यांनी करून घ्या. त्याने फार काही मिळेल असं मी म्हणत नाही, पण आपण किती जणी आहोत हे तरी कुठे मोजलं जावं.

शेवटचा मुद्दा घरातला. शाश्वत राहणीची यादी वाचली तर त्यातल्या बहुतेक कामांपुढे न लिहिता बाईचं नाव असतं. बाळाला विकतचे डायपर नकोत, कापडी दुपटी वापरा. ती कोण धुणार? भाजीला पिशवी न्या. ती कोण लक्षात ठेवणार? ओला-सुका कचरा वेगळा करा, कपडे रफू करा, जुन्या टी-शर्टची फडकी करा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकामात घालवतात, पुरुष ९७, असं निघालं. हीही मिनिटं वाढवून पृथ्वी वाचवायची असेल तर आधी वाटणी करू या. आमच्या वस्तीत दोन शिबिरं मुलग्यांसाठी घेतली, बटण लावणं, उसवलेली शिवण घालणं, चेनला मेण लावणं. सोळा मुलगे आले. पहिल्या दिवशी आया दाराशी उभ्या राहून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी एकीने घरून तीन शर्ट पाठवले.

पाळीच्या कापडी घड्यांबद्दलही असंच. विकतच्या पॅडमध्ये प्लास्टिक असतं, ते कुजत नाही, हे खरं. ते कचऱ्यातून वेगळं काढणाऱ्याही बायाच असतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बायांनी म्हणूनच कागदात गुंडाळून लाल खूण करून द्या अशी मागणी केली. पण म्हणून सगळ्या मुलींना कापड वापरा असं सांगायचं का? जिथे पाणी दिवसाआड येतं, संडास सार्वजनिक आहे, आणि कापड उन्हात वाळत घालायला लाज वाटते, तिथे ओलसर कापड परत घेतल्याने त्रासच होणार. आधी पाणी आणि उन्हातली दोरी मागू या. मग जिला जे सोयीचं ते तिने ठरवावं. कापडाच्या घड्या शिवून विकणारे गट इथे आहेत, त्यांनी हे गिऱ्हाइकांशी बोलावं, नुसती वस्तू देऊ नये.

आता चहानंतर आपण दुपारच्या कामाला बसणार आहोत. प्रत्येक गटाला एक वही दिली आहे. त्यात रकाने आखायचे: कापड कोणाकडून आणि कितीला, निवडणं-धुणं, उसवणं, कापणं, मशीन, हातशिलाई, विक्रीचा वेळ, येण्याजाण्याचा वेळ, सामान, आणि शेवटी परत आलेला माल. विक्रीच्या रांगेत उभं राहिलेला वेळही धरा, तो बहुतेक जणी सोडतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घड्याळाची चित्रं छापून आणली आहेत, प्रत्येक चित्र पंधरा मिनिटांचं, त्यावर नुसती खूण करायची. आपापली एकेक वस्तू समोर घ्या, आणि बसण्याआधी तिच्यावरची किमतीची चिठ्ठी काढून ठेवा.